मागचे खोळंबलेत

१

हिनोकुबो स्टेशनात माणूस नाही. शेवटचा स्टेशनमास्तर गेला त्याला जमाना झाला. तिकिटाच्या खिडकीवर फळी ठोकलीय, ती मीच ठोकलीय. पण माणूस नाही म्हणून स्टेशन काही आपलं आपण झाडून निघत नाही. कोणीतरी झाडावं लागतं. ते आम्ही झाडतो. मी आणि माझी बायको नाओए.

बर्फ मी काढतो. उभा जन्म रुळांवर गँगमन म्हणून घालवला, फावडं मला तिसऱ्या हातासारखं. नाओए आतली खोली बघते. खोली म्हणजे एक लांब लाकडी बाकडं, एक दार रस्त्याकडे, एक फलाटाकडे. बाकड्यावर बसायच्या चौकोनी गाद्या ओळीने मांडलेल्या. गावातल्या बायकांनी आपापल्या जुन्या किमोनोच्या कापडाच्या शिवल्यात, घरटी एक. बायका मेल्या, घरं बंद पडली, गाद्या राहिल्या. फेकणार कोण? आणि का फेकायच्या? नाओए रोज सकाळी एकेक उचलते, दाराबाहेर झटकते, परत जागच्या जागी ठेवते.

त्या सकाळी ती झटकायची थांबली.

“अहो, इतोयोआजींची गादी गरम आहे.”

मी दारात बुटाचा बर्फ झाडत होतो. “मग?”

“मग काय मग! हात लावून बघा.”

लावला. उन्हात ठेवलेली गादी गरम असते तशी ती नव्हती. माणूस आत्ता बसून उठलं की होते तशी होती. मधे जास्त, कडेला कमी. बाकीच्या गाद्या गार, दमट. इतोयो म्हातारी मेली तेव्हा नाओएचे केस काळेभोर होते.

“मांजर बसलं असेल.”

“बर्फात पाऊल कुठाय मांजराचं?”

“मांजर तुला दाखवून पावलं टाकतं काय? झटक आणि चल. चहा प्यायचाय मला.”

तिने ती झटकली नाही. दोन्ही हातांनी धरून, एखाद्याचं ताट उचलावं तशी जपून परत ठेवली.

२

दुसऱ्या दिवशी इतोयोची गादी नव्हती. फलाटाच्या दाराला लागून तिची जागा, ओळीतली पहिली. ती रिकामी.

मी कॅमेरेवाल्यांना शिव्या घातल्या. शरद ऋतूत कंपनीने भिंतीवर कागद लावला होता, की वसंतापासून ही गाडी बंद. तेव्हापासून शहरातली रिकामटेकडी माणसं यायला लागली. गाडीचे फोटो काढायचे, पाटीचे फोटो काढायचे, मी बर्फ काढत असलो तर माझेही काढायचे, न विचारता. त्यातल्याच कोणीतरी आठवण म्हणून गादी लांबवली असणार. असं मी म्हटलं आणि मला ते पटलं.

पण दाराशी रिकामी जागा डोळ्यांत खुपत होती. मी सगळ्या गाद्या एकेक जागा पुढे सरकवल्या. विचार करून नाही. आमच्याकडे हात आपोआपच तसा जातो.

पूर्वी या गाडीने बायका माल विकायला किनाऱ्यावरच्या गावाला जायच्या. मुळे, रानभाज्या, कोळसा, पाठीवर आपल्याहून मोठं गाठोडं. येताना वाळवलेली मासळी. डबा भरला की भरला, राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने जायचं. म्हणून रांग. पण बायांना रांगेत उभं राहायला वेळ कुठे? गादी ठेवायची आणि चुलीकडे, पोराकडे, गुरांकडे पळायचं. पुढची बाई गाडीत चढली की जी कोणी तिथे असेल तिने सगळ्यांच्या गाद्या पुढे घ्यायच्या. हजर असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्यापण. नसलेल्या बाईचा नंबर जाता कामा नये. कोणाची गादी मागे टाकली तर त्या घराशी गाव बोलणं सोडायचं. माझ्या लहानपणी एका घराशी सोडलं होतं. ते लोक शेवटी गाव सोडून गेले.

रांगही ठरलेली. जी आधी सून होऊन आली ती पुढे. म्हणून इतोयो पहिली आणि नाओए सगळ्यांत शेवटची. नाओएनंतर हिनोकुबोत सून आलीच नाही. आमच्या मुलानेसुद्धा शहरातली केली आणि शहरातच ठेवली.

३

मग गाद्या जाऊ लागल्या. आधी दाराजवळची सकाळी गरम लागायची. दुसऱ्या दिवशी ती नसायची. मी सरकवायचो. मी नाही सरकवल्या तर नाओए सरकवायची. कधी मधे काही दिवस काहीच व्हायचं नाही, आणि मी मनात म्हणायचो, संपलं एकदाचं. मग परत एक.

मला नाओएचा संशय यायला लागला. हे सांगायला लाज वाटत नाही, कोणालाही आला असता. त्या हिवाळ्यात ती विसरायला लागली होती. भाताला पाणी ठेवायची आणि तांदूळ विसरायची. मला वाटलं, हीच नेऊन कुठेतरी ठेवत असेल. तिची कपाटं उघडली, लाकडाची खोली उचकली. काही नाही. मग एका दुपारी गाडीच्या वेळेला मी स्वतः स्टेशनात जाऊन बसलो. बाकड्यावर नाही, स्टुलावर. गाडी आली. एकच डबा, एकच माणूस चालवणारा. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. खोलीतून कोणी हललं नाही. दाराजवळची गादी माझ्या डोळ्यांसमोर होती.

गाडी सुटली आणि मी उठून फलाटाच्या दारात गेलो.

सांगतो का ते. मी शाळेत फार गेलो नाही, पण रुळांचा आवाज मला कळतो. रुळांच्या सांध्यावरून रिकामा डबा जातो तेव्हा खडखड वाजतो, टोपल्यातल्या भांड्यांसारखा. भरलेला डबा वाजत नाही. तो दाबतो. एक जड, बसका आवाज येतो, तो कानाला नाही, तळपायाला कळतो. ही गाडी रिकामी आली होती, सुटताना भरलेली गेली. चढावर इंजिन कण्हत होतं.

मी मागे वळलो. दाराजवळची गादी नव्हती.

डुलकी लागली असेल, मी स्वतःला म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला स्टुलावर बसल्याबसल्या डुलकी लागते. आणि बर्फ ओला असला की आवाज बदलतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घरी येण्याआधी मी गाद्या पुढे सरकवल्या.

४

मेलेल्यांच्या गाद्या संपल्या. बाकड्यावर दोनच उरल्या, दोन्ही जिवंत बायांच्या. दाराजवळ शिगेनोताईची, तिच्यामागे नाओएची.

शिगेनोताई आमच्या वरच्या घरात एकटी राहायची. मला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मला ओळखणारी. मी तिला जाऊन सांगितलं, गादी घरी घेऊन जा. ती मुळ्याचं लोणचं कापत होती. हसून हसून सुरी खाली ठेवली.

“तोकुजी, तू लहानपणी बोगद्याला घाबरायचास, आता गादीला घाबरतोस. वाढलास की रे!”

“चेष्टा नाही करत, ताई.”

“मग मी करते. काय न्यायचंय त्या गादीला? आत नुसता भुसा. माझ्यासारखाच.” मग लोणच्याची फोड माझ्या हातावर ठेवली. “आणि नंबर आलेला असताना गादी उचलायची? मागे नाओए आहे. तिला मी काय सांगू, माझं मन नाही, तू थांब?”

“नाओए काही म्हणणार नाही.”

“ती म्हणणार नाही म्हणून तर लाज वाटेल ना, गाढवा.”

मी तिच्याशी भांडलो. तिने मला हाकललं, आणि हाकलताना पानात बांधून लोणचं दिलं. खारट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी गेल्यावर फलाटाच्या कडेला तिचे रबरी बूट सापडले. नीट जोडून ठेवलेले, टोकं रुळांकडे. पोलीस आले, ओढ्यात काठ्या घालून शोधलं, कुत्रं आणलं. कुत्रं बुटांपर्यंत आलं आणि खाली बसलं. वास घेईना, पुढे जाईना, मागे येईना. पोलीस म्हणाले, म्हातारी एकटी होती, कंटाळली असेल, बर्फ वितळला की सापडेल.

मी गाडीवाल्याला गाठलं. मात्सुकुरा नाव, पोराबाळांचा माणूस, डोक्याने सरळ.

“काल ताई चढली का तुझ्या गाडीत?”

“कोणी नाही चढलं, आजोबा. पोलिसांनापण तेच सांगितलं.”

“मग माझ्याकडे बघून बोल.”

त्याने बघितलं नाही. हातमोजे ओढत म्हणाला, “या स्टेशनपासून गाडी ओढत नाही. डेपोत तपासली, काही बिघाड नाही. वसंतात बंद होणार एकदाची. देवाने लवकर वसंत आणावा, एवढंच म्हणतो मी.”

५

त्या दिवशी मी गादी सरकवली नाही. नाओएची गादी होती तिथेच, मागे, एकटी. दारालगतची जागा मोकळी.

सकाळी गेलो तर ती दाराला लागून होती.

“तू आलीस इथे?” मी विचारलं.

नाओए माझ्यामागे उभी होती, केरसुणी हातात. “मी कुठे आले? तुमच्याबरोबर तर आले.” मग जवळ जाऊन तिने गादीची कड सारखी केली. हिरव्या किमोनोच्या कापडाची गादी, लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात ती तो घालायची. “कोणीतरी पुढे घेतली माझी. किती चांगली माणसं असतात हो.”

“कोण माणसं? कोण आहे इथे? तू शेवटची आहेस!”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वेड्यासारखं बोललो की ती अशी बघते. मग हळू आवाजात, कोणी ऐकेल म्हणून बोलतात तशी म्हणाली, “ओरडू नका. मागचे खोळंबलेत.”

बाहेर इतकी थंडी होती की खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. मी हातमोजा काढून बाकड्याला हात लावला. गादीच्या मागचं लाकूड, नुसतं लाकूड, ज्यावर काही नव्हतं. गरम होतं. आणखी मागे लावला. गरम. एका माणसाची जागा सोडून दुसऱ्या माणसाची जागा, मधे थोडा गार पट्टा, परत गरम. असा हात टेकवत मी थेट भिंतीपर्यंत गेलो. भिंतसुद्धा गरम होती, पाठ टेकतो तेवढ्या उंचीवर.

मी गादी काखेत मारली, नाओएचं मनगट धरलं आणि घरी आलो. ती सगळा रस्ता रडवेली होऊन म्हणत होती, “अहो, ठेवा ती. अहो, हे बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत लोक.”

“तुम्ही असं बोलणारे नव्हता.”

खरंच नव्हतो.

गादी पांघरुणांच्या कपाटात कोंबली. पुढे टेबल लावलं. नाओएला शेगडीपाशी बसवलं, पायांवर गोधडी टाकली, मुळा सोलायला दिला. म्हटलं, आजची दुपार जाऊ दे. उद्या मुलाला फोन करतो, परवा आपण शहरात जाऊ. बसने जाऊ. तिला बस लागते, उलट्या होतात, होऊ देत.

ती मुकाट्याने मुळा सोलत बसली. सालं लांबच लांब, न तुटता.

६

आमच्या घरातून स्टेशन दिसत नाही, ऐकू येतं. दुपारी गाडी आली. ब्रेक लागले. दार उघडल्याचा फुस्स आवाज आला.

आणि गाडी सुटेना.

इंजिन नुसतं धडधडत राहिलं.  इथे गाडी अशी कधी थांबत नाही. उतरायला कोणी नाही, चढायला कोणी नाही, थांबणार कशाला? नाओएने सुरी खाली ठेवली.

“अहो. आपल्यामुळे थांबलीय.”

“मुळा सोल.”

“एवढ्या सगळ्यांना उशीर होतोय. मला कसंतरी होतंय.”

तिचे कान लाल झाले होते. लाजेने. साठ जणांच्या पंगतीत ताट सांडल्यासारखी बसली होती ती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठलो, बाहेर पडलो, बाहेरून दाराला फावडं आडवं अडकवलं आणि स्टेशनकडे पळत सुटलो, त्या मात्सुकुराच्या कानाखाली द्यायला.

मात्सुकुरा खिडकीतून अर्धा बाहेर होता. हात लांब केलेला, बोट फलाटाकडे. आमच्याकडे गाडीवाला बोट दाखवून मोठ्याने बोलतो, ‘चढणं संपलं, दार बंद.’ तसं बोलल्याशिवाय गाडी हलवत नाही. त्याचं बोट बाहेर होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. एवढ्या थंडीत कपाळावरून घाम गळत होता.

“हलव गाडी!” मी ओरडलो.

“बोलता येत नाही, आजोबा. अजून चढणारं आहे.”

“कोण? कुठाय? फलाटावर मी एकटा आहे!”

“मला नका विचारू!” तो रडायच्या बेताला आला होता. “दार लावलं तर कोणीतरी चिरडेल, एवढंच कळतंय मला. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही रांगेच्या मधे उभे आहात.”

मी बाजूला झालो. ‘माफ करा’ असंही म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

डब्याच्या काचा आतून धुरकटल्या होत्या, गच्च भरलेल्या गाडीच्या धुरकटतात तशा. कोणीतरी आतून तळव्याने एक काच पुसली. पुसलेल्या जागेतून मला काय दिसलं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी लगेच मान खाली घातली. एवढंच दिसलं की ते सगळे याच बाजूला तोंड करून होते. आणि रागावलेलं कोणी नव्हतं.

मागे बर्फ करकरला. नाओए येत होती, दाराला अडकवलेलं फावडं कोणी काढलं कोणास ठाऊक. घरातल्या मोज्यांवर, गादी छातीशी धरून. दोन पावलं टाकायची आणि कमरेत वाकायची, डावीकडे, उजवीकडे. “उशीर झाला, माफ करा. माफ करा हं, माझ्यामुळे.” समोर कोणी नव्हतं. ती एवढी खाली वाकत होती की केस बर्फाला लागत होते.

मी तिची बाही धरली. घट्ट. ज्या हाताने आयुष्यभर रुळांचे खिळे ठोकले त्याच हाताने.

“मीपण येतो,” मी म्हणालो. “थांब. दोघं जाऊ.”

“तुमची गादी कुठाय?” तिने विचारलं. प्रेमाने विचारलं, पोराला विचारतात तसं. “असं मधेच घुसू नका हो. एवढी वर्षं आपण कोणाच्या पुढे गेलो नाही.”

“नाओए, घरी चल. मुळा सोलायचा राहिलाय.”

“अहो, सोडा. बघा ना, सगळे थांबलेत.”

आणि मी बघितलं. मान खालीच ठेवून, पण बघितलं. पाठीला डब्याची नजर जाणवत होती. समोरून, त्या खोलीच्या दारातून, आणखी कितीतरी जण वाट बघत असल्यासारखं वाटत होतं. कोणी खोकत नव्हतं, कोणी घाई करा म्हणत नव्हतं. नुसते थांबले होते, आमच्यासाठी, थंडीत. माझे कान तापले. मानेपासून वर लाज चढत गेली, लहानपणी चढायची तशी. त्या लाजेत भीती कुठे बुडाली ते मला कळलंच नाही.

मी तिला सोडायचं ठरवलं नव्हतं. बोटंच ढिली पडली.

तिने बाही सारखी केली आणि चढली. मात्सुकुराच्या गळ्यातून आवाज फुटला, “चढणं संपलं, दार बंद.” गाडी सुटली. सांध्यांवर एकदाही खडखडली नाही.

मी फलाटाच्या कडेला कमरेत वाकलो. गाडी बोगद्यात शिरेपर्यंत वाकून होतो, आणि खोळंबा झाल्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागत होतो. बायको जाताना मी एवढंच बोललो.